न्यूर्नबर्गमधला अबोला

१७ ऑगस्ट १९५७, चिंचवड

निवड झाली. जेवणाच्या सुट्टीत सोपानरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पत्रा दाबायची नवी प्रेस शिकायला जर्मनीला दोघं जाणार, ज्योतीराम आणि मी. सोपानराव आमचे फोरमन, आणि इंद्रायणीचे वडील. म्हणजे हे त्यांनी मुद्दाम केलं असणार. ज्या पोराला मुलगी द्यायची नाही त्याला कोण कशाला समुद्रापार पाठवील? सहा महिन्यांनी परत येईन तेव्हा मी नुसता 'इंटर सायन्स अर्धवट सोडलेला दौलतरावांचा उद्धव' राहणार नाही.

संध्याकाळी मोरया गोसावींच्या देवळामागच्या घाटावर थांबलो. ती धुण्याची बादली घेऊन वर येत होती. म्हटलं, मी जर्मनीला चाललोय. ती म्हणाली, "ठाऊक आहे. दोघं जाताय ना?" आणि हसली. असं हसताना मी तिला आजवर पाहिलं नव्हतं. त्याचा अर्थ न कळण्याइतका मी दूधखुळा नाही.

आबांनी मात्र रात्री समोर बसवून घेतलं. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरच्या कानाखाली वाजवली ते प्रकरण पुन्हा उकरून काढलं. म्हणाले, "तिकडं हात उचललास तर बोटीत घालून माघारी धाडतील, गावात त्वांड दाखवाय जागा उरायची न्हाई. राग आला की त्वांड मिटायचं. एक शबूद बोलायचा न्हाई. हात तर न्हाईच न्हाई." मोरयाची शपथ घ्यायला लावली. घेतली. इंद्रायणीसाठी मी काहीही करीन, गप्प बसणं तर काहीच नाही.

२ ऑक्टोबर, न्यूर्नबर्ग

बोटीवर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं काय? पाणी, ओकाऱ्या आणि उकडलेले बटाटे.

ज्योतीराम बरा माणूस निघाला. बीडकडचा. कंपनीत दोन वर्षं शेजारच्या लेथवर होता, पण मी कधी फारसा बोललो नव्हतो. एडन सोडल्यावर एकदा कठड्याशी उभा राहून रडत होता. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी पटकीनं गेला, वहिनी आणि दोन लेकरं याच्या पगारावर आहेत. मी त्याची समजूत घातली. मग त्याला जरा बरं वाटावं म्हणून इंद्रायणीबद्दल सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "उद्धवा, मला तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, आधी माझं पुरतं ऐक. मग जेवणाची घंटा झाली.

इथं आम्हाला एकच खोली आहे, कारखान्याच्या मागे. आमचे उस्ताद हेर लिंडनर ('हेर' म्हणजे इथलं 'श्रीयुत'), टक्कल, मिशा, एक शब्द चारदा सांगतात. मोठ्या प्रेसवर आम्ही दोघं मिळून काम करतो. ज्योतीराम समोरून पत्रा साच्यात सरकवतो, मी बाजूला दांड्यावर; दांडा ओढला की वरचा जड ठोकळा साच्यावर येतो. दांडा ओढायच्या आधी मी ओरडतो, "हात!" तो हात काढून "हां" म्हणतो, मग मी ओढतो. जर्मन हाक आम्हाला जमेना म्हणून लिंडनर म्हणाले तुमच्या भाषेत ओरडा, पण ओरडा. आता सगळं वर्कशॉप आम्हाला पाहिलं की "हात, हात" करतं. म्हातारा रंगारी तर सकाळी नमस्काराऐवजी तेच म्हणतो.

२७ ऑक्टोबर

दिवाळी गेली. उटणं नाही, चकली नाही. ज्योतीरामनं कंपनीच्या साबणानं पहाटे आंघोळ केली आणि भिंतीला टेकून बसला. मी त्याला घाटावरचं सगळं सांगितलं. गणेश जयंतीला तिनं मला प्रसादाचा मोदक वाढताना दोन वाढले, तेही सांगितलं. त्यानं सगळ्यात शेवटी एकच विचारलं, "तिनं कधी तोंडानं म्हणलंय का तसं?"

मी म्हटलं, लेका, घरंदाज मुली तोंडानं म्हणत नसतात, ओळखायचं असतं. तो पाणी आणायला म्हणून उठला तो बराच वेळ आला नाही. प्रेमाच्या गोष्टीत अगदीच भोळा आहे.

७ डिसेंबर

आज जुनं शहर पाहिलं. हात गारठलेत तरी लिहितो, कारण हे तिला सांगायचं आहे.

शनिवारी दुपारनंतर सुट्टी. लिंडनर म्हणाले नाताळचा बाजार भरलाय, जाऊन या. चारलाच अंधारतं. ट्राममधून उतरलो तर समोर तट. काळ्या दगडाचा गोल बुरूज, आमच्या चाकणच्या किल्ल्याचे सगळे बुरूज एकावर एक रचले तरी त्याच्या खांद्याला लागायचे नाहीत. खंदकही आहे, कोरडा. वेशीतून आत गेलो. वाटलं होतं आत सगळं पुराणं असेल. पण पुराणं जेमतेम अर्धं. एका घराची समोरची भिंत तेवढी उभी, कोरीव खिडक्यांसकट, आणि खिडकीतून पलीकडचं आभाळ दिसतं. मागं घरच नाही. त्याला लागून नवंकोरं घर, जुन्यासारखंच उतरत्या छपराचं, ओल्या चुन्याचा वास येणारं. लढाईत एका संध्याकाळी विमानं आली आणि तासाभरात हे सगळं गेलं म्हणे. बारा वर्षं लोक तेच दगड उचलून तिथंच लावतायत. गल्लीच्या तोंडाशी दगडांचे ढीग होते, प्रत्येक दगडावर रंगानं आकडा. ज्योतीराम एका ढिगाशी थांबला. म्हणाला, "पडल्यावर बी कुठला कुठं व्हता हे यांना ठावं हाय म्हणायचं." मला त्याचं हे गवंड्यासारखं बघणं आवडत नाही. असल्या ठिकाणी माणसाला दुसरं काही सुचायला हवं.

नदी शहरातूनच वाहते, पवनेएवढी. पुलावर उभं राहिलं की पाण्यात पिवळे दिवे हलतात. मी म्हटलं, इंद्रायणी इथं उभी असती तर! ज्योतीराम पुढं चालू लागला.

बाजार चौकात, मोठ्या देवळासमोर. लाल-पांढऱ्या कापडांची दुकानं, भाजलेले बदाम, मेणबत्त्या, धूर. चौकात एक कारंजं आहे, उंच, देवळाच्या कळसासारखं निमुळतं. भोवती लोखंडी जाळी, आणि जाळीत अडकवलेलं एक कडं. ते फिरवून मनात मागितलं की मिळतं अशी इथल्या लोकांची समजूत. बायका लेकरांना उचलून फिरवायला लावत होत्या. मी फिरवलं. काय मागितलं ते लिहायला नको. ज्योतीरामला म्हटलं, तूही फिरव. तो नाही म्हणाला. "मला आता काय मागायचं न्हाई." मी त्याला चिडवलं, की संन्यास घ्यायचा बेत आहे काय. तो कसनुसा हसला.

मग काचेच्या मण्यांचं दुकान लागलं. विकणारी बाई लढाईनंतर शेजारच्या बोहेमिया मुलुखातून हाकललेली, तिकडं तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मणी होत, असं तिनं निम्मं खुणांनी सांगितलं. ज्योतीराम तिथून हलेना. लाल, हिरवे, सोनेरी सगळे सोडून त्यानं एका वाटीतल्या बारीक काळ्या मण्यांना हात घातला. मी विचारलं कुणासाठी. तो म्हणाला, "वहिनीसाठी." असं चाचरत म्हणाला की मला हसू आलं. म्हटलं, अरे, मग नीट घे, आंधळ्यासारखा काय घेतोस. आईबरोबर मी चिंचवडच्या कासाराकडं शंभरदा गेलोय, मला कळतं. एकेक मणी दिव्यासमोर धरून दाखवला. खोटा असेल तर आत तांबूस झाक दिसते, खरा असला तर उजेड आरपार जातच नाही. दोन सरांना पुरतील इतके मीच निवडून, वेचून काढले. बाईनं कागदाच्या पुडीत बांधले. ज्योतीरामनं पुडी शर्टाच्या आत, छातीशी ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "उद्धवा, तू लई चांगला हायस रे." थंडीनं माणूस हळवा होतो.

शेवटी चढण चढून किल्ल्यावर गेलो. वरून सगळं शहर दिसतं. जिथं घरं आहेत तिथं दिवे, जिथं नाहीत तिथं काळे खड्डे, दात पडलेल्या तोंडासारखे. मी म्हटलं, लग्नानंतर इंद्रायणीला इथं आणीन. ज्योतीराम म्हणाला, "चल उद्धवा, गार वाजाय लागलंय."

८ डिसेंबर

बेसिनमध्ये बनियन धूत होतो. धुता धुता हात थांबला.

वहिनी. याची वहिनी विधवा आहे. बोटीवर रडला होता तो त्याच भावासाठी. पांढऱ्या कपाळाच्या बाईला काळी पोत कोण नेतं?

सरळ विचारलं. तो खाटेवर बसला होता, उठून उभा राहिला. सगळं सांगितलं त्यानं, खाली बघून. निवड जाहीर झाली त्याच्या आदल्या रविवारी सुपारी फुटली. इंद्रायणीची आणि याची. सोपानरावही मूळचे बीडकडचेच, यांचं गाव शेजारी. मी विचारलं, तिला कुणी विचारलं होतं का? "विचारलं व्हतं. तिच्या मामीनं विचारलं. हो म्हणली." सोपानराव त्याला म्हणाले होते, की उद्धवच्या कानावर घालू नको, डोक्यानं गरम आहे, नसता राडा करील. शिकून येऊ दे, तोवर निवेल.

"बोटीवर सांगणार व्हतो," तो म्हणाला. "तू बोलूच देईनास."

मी एकेक मणी दिव्यासमोर धरून पारखून दिला. माझ्या हातानं.

हात उचलला नाही. आबांना कळलं तर अभिमान वाटेल. मूठ वळली होती, नखं तळव्यात रुतली, पण उचलला नाही. तोंड मिटलं. आता याच्याशी जन्मात एक शब्द बोलणार नाही.

१० डिसेंबर

अबोला चालू आहे. दुसरं कुणी मराठी बोलणारं नाही की ज्याच्यातर्फे 'त्याला सांग, दिवा मालव' म्हणावं. त्यामुळे दिवा कालपासून जळतोच आहे. त्यानं दोनदा हाक मारली, मी भिंतीकडं तोंड केलं. मग त्यानंही सोडून दिलं.

वर्कशॉपमध्येही तेच. मी 'हात' म्हणत नाही. त्याच्या खांद्याकडं बघतो, खांदा मागं आला की दांडा ओढतो. त्यानं काही बिघडत नाही, उलट काम जलद होतं. म्हातारा रंगारी येऊन "हात?" म्हणाला, आम्ही दोघंही हसलो नाही. लिंडनर येऊन बराच वेळ उभे राहिले. आज गप्प का, असं काहीतरी विचारलं. मी घशाला हात लावून दाखवला, की घसा बसलाय.

१२ डिसेंबर

काल सकाळी ज्योतीरामचा हात प्रेसमध्ये सापडला. उजवा. अंगठा राहिला. चारी बोटं गेली.

कसं झालं ते सरळ लिहून काढतो म्हणजे डोकं शांत होईल. मी दांड्यावर, तो समोर. पत्रा तिरका बसला असणार. त्याचा खांदा मागं आला, आणि पुन्हा पुढं गेला. साच्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या नखांवर पडला होता. मधल्या बोटाचं नख काळंनिळं होतं, सोमवारी हातोडी लागली होती ते. मी दांडा ओढला. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. मला काही दिसलं नाही. दिसायला वेळच नव्हता.

तो ओरडलाही नाही. माझ्याकडं बघितलं फक्त.

रक्त टिपायला त्यांनी भुसा टाकला. इथं सगळ्याची व्यवस्था तयार असते.

२० डिसेंबर

चौकशी झाली, इस्पितळातच. दुभाषा म्हणून कलकत्त्याचा एक विद्यार्थी आणला होता, तो हिंदीतून विचारत होता. हाक दिली होती का? मी काही बोलायच्या आत ज्योतीराम म्हणाला, "दी थी. मेरा ध्यान नहीं था." लिंडनरनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना घशाचं आठवत असेल. मग त्यांनी कागदावर सही केली.

सगळे गेले. मी त्याच्या खाटेशी बसून राहिलो. तो असं का बोलला कळेना. तापात असेल. विचारावं तर अबोला, आणि आधी कोण बोलणार. मग तोच म्हणाला, "उद्धवा, पाणी दे." दिलं. पेला डाव्या हातात धरताना सांडलं. म्हणाला, "दोघं बी माघारी गेलो तर कंपनी पुन्हा आपल्याकडच्या पोरांला धाडायची न्हाई. तू शिकून घे समदं."

एवढंच कारण असेल. तो व्यवहारी आहे.

रात्री खोलीत दिवा मालवला.

९ मार्च १९५८, चिंचवड

पोचलो. स्टेशनवर हार, बँड, आई रडली. आबांनी विचारलं, राग आवरला का? म्हटलं, आवरला. त्यांनी पाठीवर थाप मारली. ज्योतीराम मागच्या डब्यातून उतरला. उजवा हात शालीखाली. सोपानराव त्याच्याकडं आधी गेले, शाल बाजूला करून बघितलं, आणि पुन्हा नीट झाकली. मग माझ्याकडं आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

नव्या प्रेसवर मला घेतलं आहे. ज्योतीरामला गेटवर बसवलंय. आलेल्याची गाडी, नाव, वेळ, सगळं डाव्या हातानं लिहितो. अक्षर बालवर्गातल्या पोरासारखं.

३० मार्च

काय लिहू. सोपानराव घरी आले होते. मला "उद्धवराव" म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. एरवी "ए उद्धव, तिकडं काय बघतोस" असायचं.

आबांशी आणि आईशी बोलले. सुपारी त्यांनी परत घेतली. म्हणाले, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, बापानं कुठवर डोळे मिटायचे. ज्योतीराम काय म्हणाला, असं आईनं विचारलं. तोच म्हणे आपणहून सांगायला आला होता की मामा, तुम्ही मोकळे आहात. "त्याच्या तोंडून उद्धवरावांचं नाव निघालं," सोपानराव म्हणाले. "म्हणाला, तिकडं सहा महिने हा पोरगा तिचंच नाव घेत व्हता."

कारंज्याचं कडं फिरवलं होतं ते खरं ठरलं म्हणायचं. मी देवाला मानत नाही, पण आज देवळात जाऊन आलो.

मला आनंद झालेला आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१८ एप्रिल

सोपानरावांकडं चहाला बोलावलं होतं. इंद्रायणी हडकली आहे. सोपानरावांच्या मंडळी, अंबुबाई, म्हणाल्या, महिनाभर ती कुणाशी धड बोलत नाही, लाजते, लग्न ठरलं की मुलींचं असंच होतं. मग दूध उतू जाईल असं काहीतरी निमित्त काढून त्या आत गेल्या आणि आम्हाला दोन मिनिटं दिली.

मी इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं विसरलो. न्यूर्नबर्गच्या पुलाचं सांगितलं, पाण्यातल्या दिव्यांचं. ती ऐकत होती. बशीकडं बघून तिनं विचारलं, "गेटवर त्यांच्या डब्याचं झाकण कोण उघडून देतं?"

मी म्हटलं, बहुतेक वॉचमन. ती म्हणाली, "बरं."

किती मायाळू आहे. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

३ मे

नव्या प्रेसवर माझ्या समोर दत्तोबा नावाचा गडी दिलाय. मी पत्र्यापत्र्याला हाक देतो. जरा जास्तच मोठ्यानं, असं लोक म्हणतात. आज त्यानं हात काढून "हां" म्हटलं तरी मी ओढेना. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "उद्धवभाऊ, हात माझ्या खिशात हायेत, आता काय तोडून दाखवू?" सगळे हसले. मीही हसलो आणि मग बाहेर जाऊन ओकलो. उन्हाळा बाधला असेल.

६ मे

उद्या हळद. आईनं सांगितलं ज्योतीरामला अक्षत द्यायला तू स्वतः जा, नाहीतर लोक नावं ठेवतील. गेलो. स्टेशनाजवळ पत्र्याच्या खोलीत राहतो, वहिनी आणि लेकरं गावाहून आणलीत. वहिनी मला बघून आत गेली. त्यानं पाट दिला. डाव्या हातानं अक्षत घेतली, कपाळाला लावली.

इकडचं तिकडचं झालं. गेटवर कोण साहेब कसा, कुणाची गाडी बंद पडली. मी उठायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "उद्धवा, एक इचारू? हाक कामून दिली न्हाईस ते इचारत न्हाई. ते मला ठावं हाय. राग व्हता. मीच तसं वागलो व्हतो." मग म्हणाला, "मी हात पुन्हा घातला तवा तू बघत व्हतास का?"

लेकरू आतून बाहेर आलं, वहिनीनं ते आत ओढून घेतलं.

"नाही," मी म्हटलं. "मला काही दिसलं नाही."

तो माझ्याकडं बघत होता. तसाच, मशीनवर बघितलं होतं तसा. मग मान हलवली. "मग झालं," म्हणाला. "मला तेवढंच पायजे व्हतं. पोरगी गुणाची हाय. तिच्याशी बोलत जा. राग आला तरी बोलत जा."

मी बरं म्हटलं.

घरी आलो तर मांडव घालून झाला होता. आईनं ताट वाढलं. एक घास गेला नाही. आई म्हणते, हळदीच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाचं असंच होतं, आनंदानं भूक मरते.